दहापैकी किती सुखी?

४ फेब्रुवारी

दहापैकी किती सुखी आहात? — दारात उभी राहून, हातात टॅब धरून, एक बावीस-तेवीस वर्षांची पोरगी मला हे विचारते! मी म्हटलं, "कधी? सकाळी उठल्यावर की आत्ता तुला बघितल्यावर?" तर म्हणे, "एकूणात हो, आजी." एकूणात! आणि आजी कुणाची गं?

नगरपालिकेचं नवं खूळ. रहिवाशांचं सुख मोजायचं. दर तीन महिन्यांनी ही टॅबवाली येणार आणि प्रश्नांची मालगाडी सोडणार. झोप कशी लागते, शेजाऱ्यांवर भरवसा किती, एकटं वाटतं का, घरात कुणाची काळजी घ्यावी लागते का, त्याचा ताण किती. सगळं एक ते दहात बसवायचं.

मी खरं ते सांगितलं. सुख चार. झोप तीन. ताण नऊ. पोरीचं बोट हवेतच राहिलं.

"नक्की चार ना, आजी? समोरच्या काकूंनी नऊ दिलेत."

समोरचीने नऊ! जिचा मुलगा कॉलेज सोडून खोलीत शिरला तो अजून बाहेर यायचाय, जिचा नवरा भाजीत मीठ कमी पडलं तर बायकोला न सांगता भिंतीला सांगतो — तिला नऊ! मग मला बारा द्यायला काय हरकत होती?

पण मला ते जमायचं नाही. वॉर्ड सांभाळण्यात जन्म गेला. किती दुखतंय विचारलं की बायका "थोडंसं" म्हणायच्या आणि पलंगाची दांडी अशी आवळून धरायच्या की बोटं पांढरी. मी तोंडाकडे बघतच नसे, बोटांकडे बघायची. विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून माणसं स्वतःचं दुखणं कमी करून सांगतात. आणि मिशनच्या शाळेत मदर सुपीरियर म्हणायची, अर्धं सत्य म्हणजे इस्त्री केलेलं खोटं. तिचं बाकी सगळं विसरले, हे मात्र हाडात राहिलं.

वन्सं खालच्या विरंगुळा केंद्रात होत्या म्हणून एवढं तरी निवांत बोलता आलं.

६ फेब्रुवारी

खालच्या फळ्यावर सूचना लागली आहे. दोन दिवस उशिरा, पण लागली. "सर्व रहिवाशांस नम्र विनंती की पाहणीत आठच्या खाली जाऊ नये. वसाहतीच्या नावाचा प्रश्न आहे."

अक्षर अध्यक्षांचं. यांना मी भोंगा म्हणते. कानात कुजबुजले तरी तिसऱ्या मजल्याला ऐकू जातं. जिन्यात मला गाठून म्हणाले, "मेट्रनबाई, तुम्ही चार दिलेत म्हणे. अहो, परीक्षेत कुणी स्वतःहून नापास होतं का?"

"ही परीक्षा आहे होय? मला वाटलं तपासणी आहे."

"एकच ते!"

एकच ते. ताप कितीही असो, तापमापक झटकून तक्त्यावर अठ्ठ्याण्णवच लिहिणारी एक शिकाऊ नर्स होती माझ्याकडे. तिला मी तिसऱ्या दिवशी घरी पाठवली. ही सगळी वसाहत तिचीच भावंडं.

१७ फेब्रुवारी

वन्संनी आज सकाळी चहाचा कप मोरीत ओतला. "पाणचट! तुझ्या हातचं पिऊन पिऊन माझा भाऊ गेला."

हे गेले हृदयविकाराने. चहाने नव्हे. पण वन्संना काय सांगणार! यांची थोरली बहीण. मुलगा दूरदेशी, म्हणून यांच्याकडे राहायला आल्या. मग हे गेले आणि बहीण ठेवून गेले. लोकांचे नवरे घर ठेवून जातात, दागिने ठेवून जातात!

दोन वर्षांपासून विसरतात. आधी चष्मा, मग वार, मग मी. मी कधी वहिनी असते, कधी बाई, कधी "अहो, तुम्ही कोण?" आयुष्यभर टेलिफोन खात्यात तीन-तीन मिनिटांचे ट्रंककॉल जोडले, ती नोकरी मात्र पक्की डोक्यात आहे. मी रागवायला लागले की बोट वर करतात — "तीन मिनिटं संपली!" — आणि उठून जातात. मी एकटीच बडबडत राहते तुटलेल्या लाईनवर. हसू येतं. रागही येतो.

खालचं विरंगुळा केंद्र आहे म्हणून निभावतंय. तळमजल्यावरचा हॉल, नगरपालिकेचा. विसराळू म्हाताऱ्यांना सकाळी अकराला घेतात, चारला परत देतात. दोन सेविका, एक रेडिओ, लोकरीचे गुंडे, खिडकीशी ठेवलेल्या खुर्च्या. वन्सं तिथे एक बंद पडलेला फोन पुढ्यात घेऊन बसतात आणि सगळ्यांना कॉल जोडून देतात. खूश असतात. त्या पाच तासांत मी आंघोळ करते, पडते, पेपर वाचते, माणसात येते.

मग चारला वन्सं येतात आणि मी परत मेट्रन होते.

१० मार्च

निकाल! आमची वसाहत शहरात पहिली. नऊ पूर्णांक एक. फाटकावर पत्र्याची पाटी लागली — "सुखी वसाहत". भोंग्याने भाषण केलं. टाळ्या. घड्याळजींनीही वाजवल्या. तिसऱ्या मजल्यावर राहतात, घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. बायको आमच्या वन्संच्या शेजारच्या खुर्चीत बसते केंद्रात, नवऱ्याला रोज नव्याने विचारते, "आपलं लग्न झालंय का हो?" आणि हे गृहस्थ सुखी वसाहतीला टाळ्या वाजवतात!

मी वाजवल्या नाहीत. हात दुखतात म्हणून सांगितलं. तेही खरंच होतं.

२४ मार्च

केंद्र बंद होणार.

पंधरा एप्रिलपासून. केंद्राच्या दारावर कागद चिकटवला आहे. "पाहणीनुसार या वसाहतीत एकटेपणा व काळजीवाहकांवरील ताण नगण्य आढळल्याने सदर सुविधा गरजू प्रभागात हलविण्यात येत आहे."

नगण्य!

दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. इतका संताप आला की तिथेच जिन्यात बसले. आठच्या खाली जाऊ नये — गेला नाहीत ना कुणी? घ्या आता! सुख मागितलं होतं, सुख मिळालं. पत्र्याचं.

२७ मार्च

प्रभाग कार्यालयात गेले. साहेब तरुण, नम्र, खुर्ची पुढे केली. नम्र माणसांचा मला फार धसका आहे. त्यांच्याशी भांडता येत नाही.

"मॅडम, आम्ही मनाने काही करत नाही. आकडे बोलतात."

मी म्हटलं, "आकडे बोलत नाहीत हो, त्यांना बोलतं करावं लागतं. आमच्या दवाखान्यात मृत्यूचं प्रमाण खाली आणायचा एक सोपा उपाय होता. रोगी शेवटचे श्वास मोजायला लागला की घरी सोडायचा. कागदावर मग कुणी मरतच नसे."

हसले. हसताना दात छान दिसतात. म्हणाले, "मे महिन्यात दुसरी फेरी आहे. लोकांनी खरं सांगितलं, गरज दिसली, तर केंद्र परत सुरू करता येईल. मी शब्द देत नाही, पण येईल."

"म्हणजे खरं सांगायचं?"

"खरं सांगायचं. त्यासाठीच तर विचारतो आम्ही."

बरोबर माणसाला सांगितलंत, साहेब.

३० मार्च

दारोदार हिंडले. गुडघ्याने शिव्या घातल्या, पण हिंडले. कुणी म्हणे बघू, कुणी म्हणे आमचं काय, आमच्याकडे म्हातारं माणूस नाही. जणू यांना कधी म्हातारं व्हायचंच नाही.

घड्याळजींकडे बसले जरा वेळ. बायको कोपऱ्यात उशीचा अभ्रा घडी करत होती, उलगडत होती, घडी करत होती.

मी सरळच विचारलं, "तुम्ही किती दिलेत?"

"नऊ."

"का?"

भिंगातून घड्याळ बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मेट्रनबाई, पाच म्हटलं असतं तर त्या पोरीने विचारलं असतं, का बरं? मग सांगावं लागलं असतं. सांगता सांगता रडू आलं असतं. पोरीला पुढे दहा घरं करायची होती. म्हटलं, नऊ देऊ, चहा देऊ, पाठवू."

मी उठून त्यांच्या बायकोच्या अभ्र्याचं दुसरं टोक धरलं.

पण मे महिन्यात खरं सांगेन म्हणाले. बायकोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले नाहीत, तरी खरं वाटलं.

समोरचीने अर्धंच दार उघडलं. "तुमचं चालू द्या. मी नऊच देणार."

"अहो, पण का?"

"द्यायचे म्हणून!" — आणि दार लावलं. असली भित्री माणसं! यांच्यापायी जग असं आहे.

१६ एप्रिल

काल केंद्राला कुलूप लागलं. वन्सं आज अकराला तयार. केस विंचरलेले, पर्स काखेत. मी सांगितलं, केंद्र बंद झालं. "बरं," म्हणाल्या. पाच मिनिटांनी परत दाराशी. "चल, उशीर होतोय. मुली खोळंबल्या असतील लाईनवर." परत सांगितलं. परत "बरं."

शेवटी खाली नेलंच. कुलूप दाखवलं. त्यांनी ते हलवून बघितलं, दारावर टकटक केली आणि आत कोणी नाही असं कळल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू काय केलंस?"

मी काय केलं! मी चार दिले होते, बाई. फक्त मी!

१९ एप्रिल

रोज अकराला तेच.

२८ एप्रिल

आज दुधाचं भांडं उतरवायला वळले तेवढ्यात वन्सं पसार. सापडल्या बसथांब्यावर. एका माणसाला विचारत होत्या, "कुठला नंबर हवाय?" तो बिचारा बसचा नंबर सांगत होता, या ट्रंककॉल लावत होत्या. दोघेही समाधानी.

मी मात्र मधल्या अर्ध्या तासात दहा वर्षांनी म्हातारी झाले. आता आतून कडी लावते आणि किल्ली ब्लाउजमध्ये ठेवते. वॉर्डात असं कुणी केलं असतं तर मी खडसावून काढलं असतं.

२ मे

मनगट सुजलंय. आंघोळ घालताना वन्संनी पिरगाळलं. त्यांना वाटलं कोणी परकी बाई कपडे काढतेय. वाटणारच. मी त्यांच्या जागी असते तर चावले असते.

झोप नाही. बसल्या जागी डुलकी लागते आणि दचकून उठते.

आज एकदा हात उगारला. खाली आणला. मारला नाही. पण उगारला होता, आणि वन्संनी तो बघितला. "बाई," म्हणाल्या, "मारू नका, मी नवीन आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि त्याच्या आवाजात काय रडायचं ते रडून घेतलं.

६ मे

टॅबवाली आली! तिला आत बसवलं. वन्सं शेजारच्या खोलीत रेडिओशी वाद घालत होत्या.

मी म्हटलं, "आज नीट लिही. घाई करू नकोस."

सगळं सांगितलं. सुख दोन. झोप एक. ताण दहा. मनगट दाखवलं. कडी-किल्ली सांगितली. बसथांबा सांगितला. हात उगारला तेही सांगितलं. लहानपणी शनिवारी शाळेच्या चॅपलमध्ये मुली जाळीच्या खिडकीपुढे गुडघे टेकून पापांची कबुली द्यायच्या ना, तशी बोलत सुटले. सांगायचं तर सगळं सांगायचं, मागे काही ठेवायचं नाही.

पोरगी म्हणाली, "आजी, एवढं लिहायला जागा नाही. मी 'इतर' मध्ये टाकते."

"टाक कुठेही. पण टाक."

"'आपल्याला एकटीला हे झेपतं का?' हो की नाही?"

"नाही!"

तिने बोट टेकवलं. टक्. छातीवरून गोणी उतरल्यासारखं वाटलं. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

जाताना विचारलं, घड्याळजींनी किती दिले. सांगता येत नाही म्हणाली, पण गालात हसली. समोरचीने किती दिले ते विचारायची गरजच नव्हती. दार उघडंच होतं. "नऊ!" इतक्या जोरात की भोंग्यालाही धडकी भरावी.

२० मे

फोन आला! प्रभाग कार्यालयातून! "आपल्या उत्तरांची तातडीने दखल घेण्यात आली आहे. पथक भेटीला येईल."

बघा! खरं बोललं की ऐकतात! जन्मभर हेच सांगत आले. मुद्दाम दार उघडं ठेवून समोरचीला ऐकू जाईल असं घड्याळजींना फोनवर सांगितलं. त्यांनाही फोन यायला हवा होता. आला नव्हता. म्हणाले, "मी सहा दिले." सहाने काय होणार? मी म्हटलं, अहो, हिंमत करायची तर पुरती करायची.

वन्संना सांगितलं, केंद्र उघडणार. "कनेक्ट करते," म्हणाल्या.

२६ मे

पथक म्हणजे दोघं. एक गळ्यात ओळखपत्र अडकवलेली बाई, गोड आवाजाची. एक पुरुष, जो नुसता दारं-खिडक्या बघत हिंडला. कडी बघितली. मोरीतला निसरडा कोपरा बघितला. वन्संच्या दंडावरचं निळं बघितलं. ते पलंगाच्या कडेने झालंय, मी सांगितलं. बाईने मान हलवली. अशी मान मी हजार वेळा हलवली आहे, नातेवाईकांपुढे. तिचा अर्थ मला माहीत आहे.

मी विचारलं, "केंद्र कधी सुरू होणार?"

"ते आमच्याकडे नाही हो. आम्ही फक्त तुमच्या घरासाठी आलोय." मग म्हणाली, "यांचं आणि आपलं नातं?"

"माझ्या वन्सं."

"म्हणजे?"

"नवऱ्याची बहीण."

"मिस्टर?"

"नाहीत."

"मग यांचं रक्ताचं कोण?"

मुलगा, म्हटलं. दूर असतो. नंबर दिला. माझ्याच हाताने लिहून दिला, सुवाच्य अक्षरात! घोटभर पाणी प्यायले आणि त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, हसतमुखाने.

३० मे

भाच्याचा फोन. व्हिडिओवर. मागे त्याचं स्वच्छ पांढरं घर.

"मामी, तुम्ही आईसाठी किती केलंत! आता विश्रांती घ्या. त्यांनी सगळी व्यवस्था केली आहे. कायमस्वरूपी निवास. गावाबाहेर आहे, पण मोकळी हवा आहे. मी संमती दिली."

"कुणाला विचारून?"

"मामी, तुम्हीच सांगितलंत ना, झेपत नाही म्हणून?"

"मला केंद्र हवं होतं रे! दिवसाचे पाच तास! माणूस उचलून न्या म्हटलं नव्हतं मी!"

त्याने कॅमेऱ्यावरून नजर काढली. मग खालच्या आवाजात, "तुम्ही हात उगारल्याचंही आहे त्यात. मी काही म्हणत नाही. पण आहे त्यात."

मी फोन ठेवला. यांचा भाचा. बारशापासून माझ्याच मांडीवर वाढलेला — जाऊ दे. चांगला मुलगा आहे. तेच तर वाईट आहे. या सगळ्यात एकही वाईट माणूस सापडत नाही मला.

२ जून

कार्यालयात गेले. साहेब तसेच नम्र. खुर्ची पुढे केली, मी बसले नाही.

"मॅडम, वसाहतीची सरासरी अजून आठ पूर्णांक आठ आहे. दोन-तीन घरांसाठी केंद्र चालवता येत नाही. पण अतिताणाच्या घरांना थेट मदत मिळते. आपलंच घर बसलं निकषात."

"मला उत्तरं बदलायची आहेत."

"अं?"

"सुख नऊ लिहा. ताण एक. झेपतं का — हो. मी चेष्टा केली होती."

खोटं इतकं सरळ तोंडातून बाहेर आलं! मदर सुपीरियर थडग्यात वळली असेल. वळू दे. तिला नणंद नव्हती.

"एकदा नोंदवलं की बदलता येत नाही हो. पुढच्या फेरीत सांगा."

दारात टॅबवाली भेटली. तिला दंडाला धरून म्हटलं, तू तरी सांग यांना, तू आली होतीस, बघितलं होतंस, आम्ही दोघी बऱ्या होतो! ती रडवेली झाली. "आजी, मी तर तुमच्यासाठीच सगळं टाकलं. इतकं खरं कुणीच बोलत नाही. मला वाटलं, कोणीतरी मदत करेल."

करेल काय, केली ना.

५ जून

बॅग भरली. सुती कपडे, दोन शाली, कवळीची डबी, चष्मे — तिन्ही, कारण कुठला लागतो ते मलाच ठाऊक. सूचना लिहून काढल्या आणि कपड्यांवर ठेवल्या. चहा दाट लागतो. डावा कान बरा आहे, त्या बाजूने बोलावं. मानेला हात लावू नये, दचकतात. रागावल्या की भांडू नये. कॉल जोडून मागावा, लगेच निवळतात. असं लिहायला घेतलं तर संपेना. चाळीस वर्षं जिच्याशी पटलं नाही त्या बाईबद्दल एवढं मला माहीत आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं.

वन्सं पलंगावर बसून बघत होत्या. "वहिनी, कुठे निघालीस?"

आज बरोबर ओळखलं. आजच!

"कुठे नाही."

"जाऊ नकोस हो. हा घरी आला की तुला विचारेल."

७ जून

नेलं.

९ जून

समोरची आली. पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत. हातात झाकलेलं ताट. बसली, पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडेही आली होती गोड आवाजाची बाई. आधीच्या शहरात, तिथे ही पाहणी केव्हाचीच चालू आहे. मी पोराचं सगळं खरं सांगितलं होतं. तो तेव्हा निदान जेवायला बाहेर यायचा. त्याला आठ महिने ठेवून घेतलं त्यांनी. परत आला तो हा असा."

मी ताट उचलून ओट्यावर ठेवलं.

"तेव्हापासून मी नऊच्या खाली गेले नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं. पण तुम्ही ऐकणाऱ्यातल्या नाही हो, मेट्रनबाई. तुम्ही सांगणाऱ्यातल्या."

खरं आहे. आणि भित्री म्हणाले होते मी हिला.

ताटातलं उभ्यानेच संपवलं.

१५ जून

रविवारी भेटता येतं. दोन बस बदलून गेले.

मी मेट्रनच्या नजरेने सगळं तपासलं. चादरी — पांढऱ्या, कोपरे नीट दुमडलेले. नखं कापलेली. पाठ बघितली, एक ओरखडा नाही. मोरी कोरडी. सेविका आवाज न चढवता बोलतात. सूचनांचा कागद भिंतीला लावलेला. एकही चूक सापडली नाही. काय राग आला!

वन्सं मऊ दिसत होत्या. मोठ्या खिडकीशी बसल्या होत्या, फोनशिवाय. मी डाव्या बाजूने बसले, हात हातात घेतला. त्यांनी सभ्यपणे घेऊ दिला. मग सेविकेला म्हणाल्या, "या बाई आमच्याकडे कामाला होत्या. तोंडाच्या फटकळ, पण हाताला चांगल्या."

सेविका ओशाळली. मी म्हटलं, "बरोबर सांगतायत त्या."

चहा आला. वन्संनी प्यायला आणि कप खाली ठेवून म्हणाल्या, "इथला बरा असतो."

६ जुलै

गेले होते. झोपल्या होत्या. उठवलं नाही. शेजारी बसून आले.

२० जुलै

बस चुकली. खरं तर चुकवली.

५ ऑगस्ट

टॅबवाली आली. मला बघून दारातच घुटमळली. मी म्हटलं, ये, विचार. 'दहापैकी किती सुखी' हे आता विचारत नाहीत, बाकीच्या उत्तरांवरून टॅबच काढतो.

झोप किती? रात्रभर लागते. दहा. अंगदुखी? मनगटाची सूज उतरली. स्वतःसाठी वेळ मिळतो का? मिळतो. शेजाऱ्यांवर भरवसा? समोरची रोज येते आता, नऊ. घरात कुणाची काळजी घ्यावी लागते का? नाही. ताण? काही नाही. घरात भांडण, आरडाओरड? कुणाशी करू? एकटीला झेपतं का? हो.

तिने हिशेब दाबला आणि तिचा चेहरा उजळला. "आजी! मागच्या वेळी दोन होतात, आता नऊ पूर्णांक चार! अख्ख्या प्रभागात सगळ्यांत मोठी सुधारणा तुमच्या घरात!"

मी एकही उत्तर खोटं दिलं नव्हतं.